‘कष्ट’, ‘हाल’ आणि ‘सार्थक’ : अमेरिकी पिढ्यांच्या तुलनेसाठी मराठी शब्द

प्रश्न

अमेरिकेतील निरनिराळ्या पिढ्यांनी काय सोसले आणि कशासाठी सोसले, याची तुलना करणारा एक दीर्घ लेख मी सध्या मराठीत आणतो आहे. १९२९ साली शेअर बाजार कोसळला तेथून सुरुवात होऊन २००८ च्या मंदीनंतर नोकरीला लागलेल्या तरुणांपर्यंत त्याचा पट आहे. मूळ लेखक ‘हार्डशिप’ आणि ‘सेन्स ऑफ पर्पज’ हे दोनच शब्द सगळ्या पिढ्यांना सरसकट लावत जातो. पहिल्या खर्ड्यात मी ‘हालअपेष्टा’ आणि ‘उद्देशाची जाणीव’ असे लिहिले. दुसऱ्या दिवशी वाचताना ‘उद्देशाची जाणीव’ एखाद्या सरकारी परिपत्रकातून उचलल्यासारखी वाटली, आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या तिशीतल्या माणसाच्या ‘हालअपेष्टा’ वाचून माझे मलाच हसू आले. इंग्रजीत एक शब्द आहे म्हणून मराठीतही एकच ठेवावा, की पिढीगणिक बदलावा? आणि ‘सायलेंट जनरेशन’ला ‘मूक पिढी’ म्हटलेले चालेल का?

उत्तर

बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठीत कष्ट माणूस करतो आणि हाल माणसाचे होतात. ‘त्याने कष्ट केले’ हे वाक्य सरळ आहे. ‘त्याने हाल केले’ म्हटले की ते दुसऱ्या कुणाचे तरी असतात. संस्कृतात ‘कष्ट’ म्हणजे दुःख किंवा पीडा. तो अर्थ आपल्याकडे ‘कष्टी’ या शब्दात शिल्लक आहे, पण एरवी मराठीने त्या शब्दात श्रम इतके भरले की ‘कष्टाची भाकरी’ ही अभिमानाची गोष्ट झाली. ‘हाल’ हा अरबीतून आलेला शब्द मुळात नुसता ‘स्थिती’ एवढ्याच अर्थाचा. ‘हालहवाल’ विचारताना तो अजूनही तसाच तटस्थ आहे, एकटा आला की मात्र त्याची स्थिती वाईटच असते.

आता हा भेद १९३३ च्या अमेरिकेला लावून पाहा. त्या वर्षी तेथे साधारण चार कामगारांमागे एक बेकार होता. या माणसांच्या वाट्याला कष्ट आले असे लिहिणे चूक आहे, कारण कष्ट करायला मिळत नव्हते हेच त्यांचे दुःख होते. त्यांचे हाल झाले. त्याच वर्षी रूझवेल्ट सरकारने ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ ही योजना सुरू केली आणि १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुणांना जंगलांतील छावण्यांमध्ये कामाला लावले. झाडे लावायची, पायवाटा बांधायच्या, वणवे विझवायचे. महिन्याला ३० डॉलर मिळत आणि त्यांतले साधारण २५ डॉलर परस्पर घरी पाठवले जात, मुलाच्या हातात पाचच उरत. इंग्रजीत छावणीच्या आधीची उपासमार आणि छावणीतली अंगमेहनत दोन्ही ‘हार्डशिप’मध्ये बसतात. मराठीत मात्र हालांचे कष्ट झाले, असे तीन शब्दांत सांगता येते, आणि त्या योजनेचे मर्म मला तरी त्याहून नेमके सांगता येणार नाही.

‘हालअपेष्टा’ हा जोडशब्द मी जपून वापरीन. एप्रिल १९४२ मध्ये फिलिपिन्समधील बतान येथे शरण गेलेल्या अमेरिकी आणि फिलिपिनो सैनिकांना जपानी सैन्याने उन्हातान्हात, अन्नपाण्यावाचून मैलोन्‌मैल चालवले, त्या ठिकाणी तो शोभतो. त्याच काळात मायदेशी साखर, पेट्रोल आणि टायर यांवर नियंत्रण आले होते आणि रबर वाचावे म्हणून गाड्यांना ताशी ३५ मैलांची वेगमर्यादा घालून दिली होती. त्याला हाल म्हणणे म्हणजे बतानच्या कैद्यांची थट्टा होईल. तिथे ‘झळ’ हा शब्द आहे : युद्धाची झळ त्यांना लागली. आग दुसरीकडे आहे आणि आच आपल्यापर्यंत येते, एवढे सगळे त्या दोन अक्षरांत आहे.

कर्ज फेडणाऱ्या आपल्या तरुणासाठी ‘ओढाताण’. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतील बेकारी १० टक्क्यांवर गेली, म्हणजे १९३३ च्या मानाने निम्म्याहूनही कमी. पण पदवी घेऊन त्याच सुमारास बाहेर पडलेल्याला एका बाजूने घरभाडे आणि दुसऱ्या बाजूने कर्जाचा हप्ता ओढत होता. हाल म्हटले तर अतिशयोक्ती होते आणि ‘अडचण’ म्हटले तर त्याची बोळवण केल्यासारखे होते.

आणखी एक ठिकाण असे आहे की जिथे यांतला एकही शब्द चालत नाही. फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडायला लावून तारेच्या कुंपणाआड ठेवले गेले; त्यांपैकी बहुसंख्य अमेरिकेचे जन्मजात नागरिक होते. लेखकाने हेही ‘हार्डशिप’च्या यादीत टाकले असेल, तर भाषांतरात ‘अन्याय’ लिहावा. दुष्काळ आणि आदेश यांना एका शब्दात बसवण्याची सोय इंग्रजीला असेल, आपण ती उसनी घेण्याचे कारण नाही.

‘सेन्स ऑफ पर्पज’विषयी थोडक्यात सांगतो. ध्येय माणूस निवडतो, कर्तव्य अंगावर येते आणि सार्थक मागे वळून पाहताना कळते. ‘जन्माचे सार्थक झाले’ हे आपण बहुधा भूतकाळातच म्हणतो. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १ कोटी ६० लाख अमेरिकी गणवेशात होते आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी सक्तीच्या भरतीने आले होते. त्यांच्यासमोर ‘ध्येय’ होते असे लिहिले की जणू ते सगळे ध्येयवादी कार्यकर्ते होते असा भास होतो. त्यांच्यासमोर कर्तव्य होते. सार्थकाची भाषा पुष्कळ नंतरची आहे. पत्रकार टॉम ब्रोकॉ यांच्या पुस्तकाने ‘ग्रेटेस्ट जनरेशन’ हे नाव घरोघरी नेले ते १९९८ साली, तेव्हा त्या युद्धातले सर्वांत तरुण सैनिकही सत्तरी ओलांडून गेले होते. नावाचे मराठी ‘थोर पिढी’ करावे. ‘महानतम पिढी’ हे मराठी कानाला हिंदी वाटते.

आणखी एक मत

वरील विवेचनातील कष्ट आणि हाल यांचा भेद मला पूर्ण मान्य आहे, परंतु पर्पजची भाषा नंतर चिकटवली गेली हे विधान मात्र घाईचे आहे. २७ जून १९३६ रोजी डेमोक्रॅटिक पक्षाच्या फिलाडेल्फियातील अधिवेशनात रूझवेल्ट यांनी, काही पिढ्यांना पुष्कळ मिळते आणि काहींकडून पुष्कळ अपेक्षिले जाते, असे सांगून अमेरिकनांच्या या पिढीची नियतीशी भेट ठरलेली आहे, असे म्हटले होते. युद्ध अमेरिकेपर्यंत पोचायला अजून पाच वर्षे होती. (नेहरूंच्या १९४७ च्या भाषणातला ‘नियतीशी करार’ आपल्याकडे इतका रुळला आहे की रूझवेल्ट यांच्या वाक्यात ‘करार’ शब्द वापरला, तर वाचक थेट दिल्लीला जाईल, म्हणून येथे ‘भेट’च ठेवावी.) तेव्हा त्या पिढीला तिचे काम आधीच सांगितले गेले होते, हे विसरता येत नाही.

जे काम कुणीतरी सांगते आणि आपण पत्करतो, त्याला मराठीत ‘वसा’ असा फार सुंदर शब्द आहे. कहाणीतली बाई ‘उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही’ असे म्हणते, तेव्हा तो वसा तिला दुसऱ्याने सांगितलेला असतो, पण घेतलेला तिने असतो. २० जानेवारी १९६१ च्या शपथविधीच्या भाषणात केनेडी यांनी मशाल नव्या पिढीच्या हाती आल्याचे सांगितले आणि देशाने आपल्यासाठी काय करावे हे विचारण्याऐवजी आपण देशासाठी काय करू शकतो ते विचारा, असे आवाहन केले. त्यानंतर दीड महिन्याच्या आत पीस कोअर, म्हणजे परदेशांत मदतीसाठी स्वयंसेवक पाठवणारी सरकारी संस्था, स्थापन झाले. जे तरुण त्यात गेले त्यांच्यासाठी ‘कर्तव्य’ फार कोरडे आहे आणि ‘ध्येय’ फार एकट्याचे आहे. व्रतवैकल्यांचा वास येतो हा आक्षेप मला ठाऊक आहे. तरीही ‘समाजसेवेचा वसा’ आपण वर्तमानपत्रांतही लिहितोच.

‘मूक पिढी’ मात्र टाळावी. मूक म्हणजे ज्याला बोलता येत नाही किंवा ज्याला बोलू दिले जात नाही असा, आणि १९२० च्या ‘मूकनायक’पासून तो अर्थ मराठीत पक्का झालेला आहे. ‘टाइम’ साप्ताहिकाने १९५१ मध्ये आपल्या तरुणांना ‘सायलेंट’ म्हटले ते ही माणसे फारशी काही बोलत नाहीत, मागण्या करत नाहीत, निमूट नोकरी धरतात, या अर्थाने. ‘अबोल पिढी’ म्हणावे. आता ही पिढी साधारणपणे १९२८ ते १९४५ या जन्मवर्षांची धरतात आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्म १९२९ चा आहे, म्हणजे त्या शतकातला अमेरिकेचा सर्वांत मोठा वक्ता या अबोलांपैकीच एक. पण ती जबाबदारी नाव ठेवणाऱ्यांची आहे, भाषांतरकाराची नाही.

मूळ अडचण ‘पिढी’ याच शब्दात आहे, तिकडेही लक्ष द्यावे. आपली पिढी घरात मोजली जाते : आजोबा, वडील, मुलगा. ‘पिढीजात’, ‘सात पिढ्यांचा उद्धार’, सगळीकडे वंशाची उभी रेषा आहे. अमेरिकी लेखात ती आडवी आहे. १९४६ ते १९६४ मध्ये जन्मलेले सगळे ‘बूमर’, मग ते एकमेकांचे कुणी का असेनात. ‘साठोत्तरी पिढी’ म्हणताना आपणही आडवी रेषा ओढतो, पण ती साहित्यापुरती. गंमत अशी की अमेरिकेतही स्थलांतरितांच्या घरी रेषा उभीच असते. जपानी कुटुंबे ‘इस्सेई’ (पहिली पिढी), ‘निसेई’ (दुसरी पिढी) अशी मोजतात, आणि १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर तेथे गेलेली मराठी कुटुंबे ‘आमची दुसरी पिढी’ म्हणतात. न्यू जर्सीत १९८५ साली जन्मलेली मराठी मुलगी घरात दुसरी पिढी असते आणि उंबरठ्याबाहेर मिलेनियल. लेखात पहिल्यांदा नाव येईल तेथे जन्मवर्षे द्यावीत, म्हणजे वाचक उभ्या रेषेवर घसरणार नाही.

प्रश्नकर्त्याकडून

दोन्ही उत्तरांचा मला फार उपयोग झाला. महामंदीसाठी ‘हाल’, छावण्यांसाठी ‘कष्ट’, मायदेशीच्या टंचाईसाठी ‘झळ’, हल्लीच्या तरुणांसाठी ‘ओढाताण’ आणि नजरकैदेसाठी ‘अन्याय’ असा बदल केला आहे. ‘वसा’ एकदाच ठेवला, केनेडींच्या भाषणानंतर.

अडलो ते व्हिएतनाम युद्धापाशी. १ डिसेंबर १९६९ रोजी वॉशिंग्टनमध्ये काचेच्या एका बरणीत ३६६ निळ्या प्लास्टिकच्या डब्या ठेवल्या होत्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. पहिली डबी उघडली तीत १४ सप्टेंबर निघाला, आणि १९४४ ते १९५० या वर्षांत त्या तारखेला जन्मलेल्या मुलांचा भरतीसाठी पहिला क्रमांक लागला. आधी मी तेथे ‘कर्तव्य’ लिहिले होते. ते खोडले, कारण सोडतीत निघालेल्या तारखेला मराठीत कुणी कर्तव्य म्हणत नाही, आपण ‘चिठ्ठी निघाली’ म्हणतो, आणि तेच लिहिले. पण त्याच परिच्छेदात पुढे भरतीला नकार देऊन तुरुंगात गेलेल्या तरुणांचा उल्लेख आहे. त्यांना कुणी हे काम सांगितले नव्हते, त्यांच्यावर ते आले नव्हते आणि त्याचे सार्थक झाले की नाही यावर तेथे अजून वाद आहे. संपूर्ण लेखात ‘ध्येय’ हा शब्द मी तेवढ्या एका ठिकाणी ठेवला आहे.