शाळेच्या वाचनालयासाठी इंग्रजी व्युत्पत्तिकोश : एकच घ्यायचा तर कोणता?

इंग्रजीच्या_बाई
निवृत्त झालेल्या एका सहकारी बाईंनी आमच्या शाळेच्या वाचनालयाला 2,500 रुपये दिलेत. अट एकच, आपल्याकडे नाही असं काहीतरी घ्या. मी इंग्रजी शब्द कुठून आले ते सांगणारा कोश सुचवला आहे.

हे डोक्यात आलं ते जानेवारीत. सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या स्मृतिदिनासाठी नववीची मुलं भित्तिपत्रक करत होती. 1930 च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल लागला, हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक असतं. एका मुलानं विचारलं, "बाई, विधानसभेत आमदारांना उचलून बाहेर नेतात ते मार्शल आणि आपला मार्शल लॉ, एकच का?" मला उत्तर आलं नाही. घरी जाऊन शोधलं. लॉमधला मार्शल आला मार्स या रोमन युद्धदेवतेच्या नावावरून. विधानसभेतला मार्शल निराळाच. त्यात 'घोडा' आणि 'चाकर' असे दोन जुने जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातले, शब्द आहेत, म्हणजे मुळात तो घोड्यांचा मोतद्दार! फ्रेंच दरबारात चढत चढत तो सेनाधिकारी झाला. देवनागरीत दोन्ही एकसारखेच लिहितो, इंग्रजीत स्पेलिंग वेगळं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन्ही लिहून ही हकिगत सांगितली. त्या वर्गात ते स्पेलिंग पुन्हा कुणाचं चुकलं नाही.

म्हणून माझं मत जॉन आयटो यांच्या 1990 च्या कोशाला. आठ हजारांवर शब्द आहेत. शब्दाशेजारी चौकटी कंसात शतकाचा आकडा, मग सलग वाक्यांत शब्दाचा प्रवास आणि शेवटी त्याची भावंडं. चौदा वर्षांचं मूल बाकावर बसून एकट्यानं वाचू शकेल असा तोच वाटतो.

निवृत्त_ग्रंथपाल
बाई, हेतू उत्तम, पण निवड मला पटत नाही. अख्खी नोकरी देवघेवीच्या टेबलामागे काढली, त्या अनुभवानं सांगतो. कोशात शब्द एकदा सापडला नाही तर मूल पुन्हा विचारतं, दुसऱ्यांदाही नाही सापडला तर त्या कपाटाकडे फिरकत नाही. आठ हजार शब्द कमी पडतात. ऑक्सफर्डचा व्युत्पत्तिकोश 1966 चा, संपादक सी. टी. ओनियन्स. बिचारे तो छापून यायच्या आदल्या वर्षी गेले. तो मोठा ग्रंथ शाळेला पेलणार नाही, पण टी. एफ. होड यांनी त्याचा 1986 मध्ये संक्षेप केला. तो घ्या. शब्द भरपूर, विधान नेमकं, पाल्हाळ नाही.

आणि एक कसोटी सांगतो. कुठलाही व्युत्पत्तिकोश हातात घेतला की आधी 'डॉग' काढा. कुत्र्यासाठी इतका रोजचा शब्द, पण तो कुठून आला हे कुणालाच माहीत नाही. जुन्या इंग्रजीत तो क्वचित दिसतो, त्यापलीकडे वाट बंद. तिथे जो कोश 'मूळ अज्ञात' लिहितो त्याच्यावर विश्वास ठेवायचा. तिथे गोष्ट रचणारा कोश खाली ठेवायचा.

इंग्रजीच्या_बाई
सर, डॉगची कसोटी वहीत लिहून घेतली. होडचं एक पान मात्र मी खरोखरच तिघा मुलांपुढे ठेवून पाहिलं. शतक रोमन आकड्यांत, भाषांची नावं दोन-तीन अक्षरांत, मध्येच चिन्हं. एक मुलगी तर रोमन आकड्यांना शब्दाचंच स्पेलिंग समजली. तुम्ही म्हणाल ती तुटक अक्षरं वाचायला शिकवा. शिकवीन की, पण माझा तास पस्तीस मिनिटांचा आणि वर्गात मुलं साठ.

अभियांत्रिकी_तिसरं_वर्ष
मॅडम, पुस्तकच कशाला? डग्लस हार्पर यांचा ऑनलाइन व्युत्पत्तिकोश फुकट आहे, मोबाइलवर उघडतो, कुठल्या जुन्या कोशांवर तो उभा आहे तेही सांगतो. 1990 चं पुस्तक 1990 लाच थांबलं. खुद्द ऑक्सफर्डच्या इंग्रजी महाकोशाची (सरांनी सांगितलेला व्युत्पत्तिकोश नव्हे) 2000 पासून नव्यानं उजळणी चालली आहे, तीही ऑनलाइन. जुन्या नोंदी बदलतात, पहिल्या वापराची साल मागे जाते. छापील पुस्तकाला हे कोण कळवणार? त्या पैशात मुलांना मराठी कादंबऱ्या घ्या.

इंग्रजीच्या_बाई
हार्पर यांच्या कोशाबद्दल तक्रार नाही, मी स्वतः तो रोज उघडते. अडचण तिथपर्यंत पोचण्याची आहे. मूल शोधपट्टीत शब्द टाकतं आणि पहिलं जे दिसेल ते उतरवून आणतं. मागच्या वर्षी सात जणांनी लिहून आणलं की 'न्यूज' म्हणजे उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण यांची आद्याक्षरं. एका गाइडातही तेच छापलेलं. खरं तर 'न्यू'चंच ते अनेकवचन, फ्रेंचमधल्या 'नव्या गोष्टी' या शब्दाच्या धर्तीवर केलेलं. तीच गत 'सॅलरी'ची. लॅटिनमध्ये तिचं मिठाशी नातं आहे, इथपर्यंत ठीक. रोमन सैनिकांना पगारात मीठ मोजून द्यायचे, याला मात्र पुरावा नाही. शिवाय आमच्या शाळेत मोबाइल आणायला बंदी आहे, ती उठावी असं मला वाटतही नाही.

संस्कृत_अध्यापक
एवढा खटाटोप कशाला? डोअर म्हणजे द्वार, नेम म्हणजे नाम, डॉटर म्हणजे दुहिता. सगळं संस्कृतातूनच गेलेलं आहे. घ्यायचाच तर वॉल्टर स्कीट यांचा 1882 चा कोश घ्या. त्यात संस्कृत रूपं मुबलक दिलेली आहेत. हक्कमुक्त असल्यानं फुकटही मिळतो.

निवृत्त_ग्रंथपाल
गुरुजी, स्कीट केंब्रिजचे मोठे पंडित, त्यांचा कोश मी आदरानं हाताळला आहे. पण ऑक्सफर्डचा महाकोश तेव्हा छापायलाही लागला नव्हता, पहिला भाग निघाला 1884 ला. तो पुरावा स्कीटना कुठून मिळणार? पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी स्वतःच बरंच बदललं.

आणि द्वारातून डोअर निघालं नाही. दोघं एका आजीची नातवंडं. याची खूण म्हणजे नियम. आपल्याकडे द तिथे त्यांच्याकडे ट : दश आणि टेन, दंत आणि टूथ, द्वि आणि टू. आपल्याकडे प तिथे फ : पितृ आणि फादर, पाद आणि फूट. असा नियम लागला तरच नातं धरायचं. नुसता आवाज जुळला म्हणून धरायला गेलं तर फसगत होते. इंग्रजीतला 'बॅड' आणि आपल्या बदनाममधला फारसी 'बद', अर्थ एक, आवाज जवळपास एक, पण दोघांचा काहीएक संबंध नाही.

संस्कृत_अध्यापक
पण मग डोअरला ट का नाही, ड का? द चा ट होतो म्हणालात ना?

निवृत्त_ग्रंथपाल
नेमका प्रश्न विचारलात. मुळात तिथे ध होता, ग्रीकमध्ये तो थ झालेला दिसतो. ध चा इंग्रजीत ड होतो, म्हणून डोअर बरोबर बसतं. उलट संस्कृतात ध चा द कसा झाला, तेच सांगावं लागतं. बहुतेक 'द्वि'च्या ओढीनं, असं जाणकार म्हणतात. या खोलात शिरायचं तर नेमका कोशच लागतो, गुरुजी.

पूर्वभागकर
बाई, मी सोलापूरच्या पूर्व भागातला, घरात तेलुगू, बाहेर मराठी. तुमच्या वर्गातली निम्मी पोरं आमच्याच बाजूची असतील, त्यांच्यासाठी लिहितो. इंग्रजीतला 'बँडिकूट' हा आमचा पंदिकोक्कू. पंदि म्हणजे डुक्कर, कोक्कू म्हणजे उंदीर. तुम्ही घूस म्हणता ती. आणि 'मुंगूस' त्यांनी मराठीतून नेलं. असले शब्द पाहिजेत तर यूल आणि बर्नेल यांचा 1886 चा हॉब्सन-जॉब्सन घ्या. मँगो, करी, चिंट्झ, डंगरी, सगळं त्यात. पोरांना कळू दे की इंग्रजीत आपल्या घरचंही सामान आहे.

ऊसवाला_माढा
पूर्वभागकर अण्णांच्या बाजूनं एक मत. शुगर ही आपली शर्करा, फारसी, अरबी, मग युरोप अशी फिरून इंग्रजीत गेली. आणि गुळाला इंग्रजी जॅगरी, तीही शर्कराच, पण दक्षिणेतून पोर्तुगीजांच्या हातून गेली. कारखान्याची साखर आणि गुऱ्हाळातला गूळ, इंग्रजीत दोन वाटांनी पोचलेला एकच शब्द. हे कळलं त्या दिवशी मी घरी सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

इंग्रजीच्या_बाई
हॉब्सन-जॉब्सन मला फार आवडतो, पण पहिला कोश म्हणून नको. त्यात 'विंडो' सापडणार नाही, आणि नववीच्या धड्यात विंडो येतं.

टॉवेल घ्या. माझ्या वर्गात कितीतरी घरांत टॉवेलचे माग आहेत, आया कांड्या भरतात. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेला, मुळाशी 'धुणं' या अर्थाचा जर्मानिक शब्द. त्याचाच पोर्तुगीज भाऊ हिंदीत तौलिया होऊन बसला. 'लूम'चा जुना अर्थ नुसता 'हत्यार', कुठलंही. वडिलोपार्जित वस्तूला 'एअरलूम' म्हणतात त्यात तोच लूम आहे. हे मुलीला कुणीतरी पूर्ण वाक्यांत सांगायला हवं, तुटक अक्षरांत नाही. त्यामुळे मी आयटोवरच ठाम आहे. पैसे उरले तर होडची जुनी प्रत शोधते, ती शिक्षकांच्या खोलीत ठेवू.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुकानात जाते. यादी केली आहे : टॉवेल, लूम, शुगर, बँडिकूट, दोन्ही मार्शल, न्यूज.

निवृत्त_ग्रंथपाल
माझं मत अजून होडलाच, आणि तो मुलांच्या कपाटात हवा, शिक्षकांच्या खोलीत नाही. यादीत डॉग राहिला. तो आधी काढा.