चारही अक्कलदाढा काढायच्या का? ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) हातात आहे, दोन डॉक्टरांची दोन मतं

कासारवडवलीकर:
वय २६. मधुमेह नाही, तंबाखू नाही. ओपीजीत दिसतंय ते असं: ३८ (खालची डावी) पुढे कललेली, अर्धी हिरडीबाहेर. ४८ (खालची उजवी) पूर्ण आडवी, हाडात बुडालेली. तिच्या मुळांवरून नसेच्या नळीची सावली जाते. १८ (वरची उजवी) आणि २८ (वरची डावी) सरळ आलेल्या. ३८ भोवतीची हिरडी सहा महिन्यांत दोनदा सुजली, दुसऱ्या वेळी तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. ४८ चा त्रास शून्य. एक डॉक्टर म्हणतात चारही काढा, दुसरे म्हणतात काहीच करू नका. कारणं समजून घ्यायची आहेत.

जबडा_सर्जन:
चौघींचा एकच निकाल लावू नका.

३८ काढा. अर्धवट दाढेवर हिरडीची टोपी राहते, तिच्याखाली अन्न साचतं, ब्रश तिथे पोचत नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेचा २००० सालचा निकष दाढ काढण्याच्या बाबतीत बराच हात राखून आहे. पहिली सूज फार तीव्र नसेल तर तो काढायचं कारण मानत नाही. दुसरी मात्र मानतो. नुसती टोपी कापून भागेल असं कोणी सुचवलं तर लक्षात ठेवा, कललेल्या दाढेवर ती बहुधा पुन्हा वाढते.

सूज असताना मात्र घाई नको, सुजलेल्या भागात भूल नीट चढत नाही. आधी टोपीखालची जागा सलाइनने धुऊन घ्यायची, घरी कोमट मिठाच्या गुळण्या, सूज बसली की शस्त्रक्रिया. अँटिबायोटिक लागतं ते ताप असेल, तोंड उघडत नसेल किंवा सूज पसरत असेल तेव्हा. मेडिकलमधून परस्पर अमॉक्सिसिलिन-मेट्रोनिडॅझोल आणून दोन दिवस घ्यायचं आणि दुखणं थांबलं की सोडायचं, हा आपल्याकडचा लाडका उद्योग. घाण टोपीखाली तशीच राहते. गिळता येईना, जिभेखाली सूज आली किंवा श्वासाला त्रास झाला तर दवाखान्याची अपॉइंटमेंट शोधत बसू नका, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

४८ ला आत्ता हात लावू नका. नळी ओलांडते तिथे मूळ काळसर दिसतंय का, नळीची पांढरी कड तुटलीय का, नळीने वळण घेतलंय का, हे बघून घ्या. यातलं काही असेल तर नस मुळाला खेटून असण्याची शक्यता वाढते, आणि दाढ काढताना खालचा ओठ व हनुवटी बधिर होऊ शकते. बहुतेकांचं बधिरपण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातं, थोड्यांचं कायम राहतं. त्रास नसलेल्या दाढेसाठी हा धोका कशाला? पुढे काढायचीच वेळ आली तर आधी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन). नस खरंच चिकटलेली निघाली तर कोरोनेक्टमी करतात: दाढेचा वरचा भाग कापून काढायचा, मुळं जागीच ठेवायची.

हिरडी_खारघर:
३८ बद्दल सहमत. ४८ बद्दल माझी अट आहे. ४७ च्या (४८ च्या पुढची, सात नंबरची दाढ) मागे प्रोब, म्हणजे खोली मोजायची बारीक सळई, घालून कोणी मोजलंय का? ओपीजीत बुडालेली दिसणारी दाढ कधीकधी तिथल्या खोल खिशातून (हिरडी आणि दाढ यांमधल्या फटीतून) तोंडाशी जोडलेली असते. खोली ३ मिमीपर्यंत ठीक. प्रोब थेट ४८ ला टेकला तर जंतूंनाही ती वाट मोकळी आहे. मग ४७ ची मागची बाजू किडते, हाड झिजतं, आणि चांगली कामाची दाढ जाते. तसं असेल तर ‘ठेवा’ हे उत्तर बदलू शकतं. नसेल तर ठेवा, पण विसरू नका. दोनेक वर्षांनी पुन्हा ओपीजी काढा. दाढेच्या डोक्याभोवतीची काळी पट्टी रुंदावत असेल तर सिस्टची (पाण्याच्या गाठीची) शंका घ्यायची.

नाइसच्या निकषावर टीकाही याचसाठी झाली, की वाट बघता बघता सात नंबर किडतो. ३७ च्या (३८ च्या पुढची दाढ) मागच्या बाजूचा छोटा एक्स-रे आत्ताच काढा. ओपीजीत तिथे दोन दाढांच्या सावल्या एकमेकींवर येतात आणि कीड लपते.

कासारवडवलीकर:
धन्यवाद. वरच्या दोघींचं काय? घरचे म्हणतात वरची दाढ काढली की नजर अधू होते.

जबडा_सर्जन:
नजरेचा काही संबंध नाही, डोळ्याची नस वेगळी. वरच्या दाढेच्या शेजारी असतं ते सायनस, म्हणजे नाकाला जोडलेली हाडातली पोकळी. तिथे भोक पडलं तर दोन आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही, एवढं पाळावं लागतं.

२८ ला ३८ गेल्यावर चावायला कोणी उरत नाही, ती खाली उतरू लागते आणि ताज्या जखमेवर टेकते. ३८ सोबतच काढलेली बरी, सरळ असल्यामुळे फार वेळ लागत नाही. १८ ला आजही खाली जोडीदार नाही, तरी गालाला चावत नसेल आणि ब्रश पोचत असेल तर राहू द्या.

तिसरं मत हवं असेल तर नेरुळला डी. वाय. पाटील किंवा तेरणा डेंटल कॉलेजात ओरल सर्जरी विभागाला दाखवा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर आहेच.

गुळण्या_दुसऱ्या_दिवशी:
काढल्यानंतरचं कोणी लिहिलं नाही म्हणून. कापसाचा बोळा ३० ते ४५ मिनिटं घट्ट चावून धरायचा. सारखा काढून बघितला की रक्त पुन्हा सुरू. पहिले २४ तास थुंकणं, चूळ, स्ट्रॉ, काही नाही. बर्फ पहिल्या दिवशीच, गालावर बाहेरून, १५ मिनिटं ठेवून १५ मिनिटं थांबायचं. मिठाच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते, घाबरू नका. टाके साधारण सातव्या दिवशी काढतात.

दुखणं कमी होत आलेलं असताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागला आणि तोंडाला वास येऊ लागला, तर तो ड्राय सॉकेट. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेलेली असते. याला अँटिबायोटिकने फरक पडत नाही. खड्डा धुऊन औषधी ड्रेसिंग भरावं लागतं. सिगारेट, मिश्री, गर्भनिरोधक गोळ्या यांनी शक्यता वाढते.

जेवायला पेज, मऊ भात, गार ताक. फोडणीतली मोहरी आणि तीळ आठवडाभर टाळा, खड्ड्यात जाऊन बसतात.