मदत हवी आहे: मालवणच्या संध्याकाळी आभाळ वाचवलं की खडक काळा पडतो

पूर्वकाठ_रंकाळा

मंडळी, कोल्हापूरहून लिहितोय. गगनबावडा उतरून मालवण-देवगडकडे जमेल तसं जाणं होतं. क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) कॅमेरा, सोबत आलेली १८-५५ लेन्स, बऱ्यापैकी जड ट्रायपॉड आणि एक पोलरायझर (चमक कमी करणारा फिरता फिल्टर), एवढा संसार आहे.

अडचण अशी. सूर्य मावळतीला, समोर ओली खडपं (किनाऱ्यावरचे खडक), मागे सिंधुदुर्ग किल्ला. आभाळ धरून एक्स्पोजर ठेवलं की खडपं आणि किल्ला डांबरासारखे. खडपं धरली की सूर्याभोवती पांढरं भगदाड. स्पॉट मीटरनं (एकाच ठिपक्याचा उजेड मोजून) बघितलं तर दोन्हींत सात-आठ स्टॉपचा फरक येतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढतो, पण सावल्या उचलल्या की खडकावर जांभळे-हिरवे दाणे उठतात. तीन फ्रेमचं एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो आपोआप एकत्र करणं) फोनवर बरं दिसतं, मोठ्या स्क्रीनवर मात्र किल्ल्याच्या कडेनं पांढरी किनार आणि खडक राखाडी, जणू आतून ट्यूबलाइट लावलीय.

आम्हा चार मित्रांचा शाहू स्मारकच्या कलादालनात छोटं प्रदर्शन करायचा विचार आहे, म्हणून प्रिंट काढायच्या आहेत. नेमकं विचारायचं तर:

ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर (वर गडद, खाली पारदर्शक काच) घ्यावा की ब्रॅकेटिंगच (एकाच दृश्याच्या कमी-जास्त एक्स्पोजरच्या फ्रेम) सुधारावं? आणि सावली किती काळी ठेवली तर चालते? 'फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घे' हा सल्ला कृपया नको, बजेट नाही.

भावा_क्लिक

भावा, फुल फ्रेम घे. 😀

बरं, गंमत सोड. संध्याकाळी हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघताना एकत्र आलेखावर जाऊ नकोस, लाल-हिरवा-निळा वेगवेगळा लाव. मावळतीला लाल आधी फुटतो, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन तपशील हरवतो. एकत्र आलेख सगळं ठीक म्हणतो आणि घरी येऊन बघावं तर केशरी आभाळाचं पिवळं पिठलं झालेलं असतं. लाल उजव्या भिंतीला टेकायच्या जरा अलीकडे थांबव. सूर्याचा गोळा फुटला तर फुटू दे. आयएसओ १००, एफ/८ ते एफ/११. त्यापुढे छिद्र बारीक केलंस तर क्रॉप सेन्सरवर धार मऊ व्हायला लागते.

खडपातलो_कुर्लो

मी मालवणचाच. तुमचा प्रश्न फिल्टरचा कमी आणि तोंड कुठे करून उभं राहायचं याचा जास्त आहे.

आपला किनारा पश्चिमेकडे बघतो. मालवणच्या काठावरून किल्ला समुद्रात, म्हणजे सूर्याच्याच बाजूला. सांजेक किल्लो काळोच दिसतलो, त्याला कुठला कॅमेरा काय करणार? त्याच जागी सकाळी उभे राहा. सूर्य पाठीमागून जमिनीकडून चढतो आणि तुमच्याकडची तटबंदी उजळते. आभाळ आणि दगड दोन-तीन स्टॉपांच्या आत येतात, एका फ्रेममध्ये काम होतं. कोल्हापूरची मंडळी दुपारी जेवून निघतात, संध्याकाळी पोचतात, मासे खातात, सकाळी नऊला उठतात आणि वर म्हणतात, उजेड जमत नाही!

संध्याकाळच हवी असेल तर सूर्याकडे बघायचं सोडा. उत्तरेला किंवा दक्षिणेला, किनाऱ्याच्या लांबीच्या दिशेनं वळा. उजेड बाजूनं येतो, खडपाच्या प्रत्येक खाचेला एक उजळ आणि एक गडद कड मिळते. तुमचा पोलरायझरही तेव्हाच कामाला येतो, कारण सूर्याशी काटकोनात त्याचा परिणाम सगळ्यात जास्त असतो, थेट सूर्यासमोर जवळपास काही नाही. फक्त लेन्स १८ वर (सगळ्यात रुंद) असताना तो पूर्ण फिरवू नका, आभाळात एक निळा डाग पडतो. आणि ओल्या खडपावरची सगळी चमकही काढून टाकू नका, दगड ओला आहे हे तीच सांगते.

आता पाणी. आमच्याकडचा जुना हिशेब, तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता साधारण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला भरती आणि खडपं बुडालेली. पुनवेला किंवा अवसेला सव्वाअकराच्या सुमारास भरती, म्हणजे पाच-साडेपाचला ओहोटी. उधाणाचे दिवस असल्यानं पाणी लांब जातं आणि खळग्यांत साचून राहतं. त्या खळग्यांत आभाळ उतरतं, आणि तुमची काळी जमीन अर्धी उजळते. हा फिल्टर फुकट आहे. हिशेब ढोबळ आहे, जायच्या आधी भरतीचं कोष्टक बघाच. शेवाळावर चपलेनं चढू नका, समुद्राकडे पाठ करू नका.

पूर्वकाठ_रंकाळा

कुर्लोभाऊ, नऊला उठायचा टोमणा बरोबर बसला. 😀 पाऊणपटीचं गणित पहिल्यांदाच ऐकलं. पण प्रदर्शनात मावळती एक तरी हवीच, त्याशिवाय घरचे दालनात येणार नाहीत. त्या एका फोटोसाठी फिल्टर की ब्रॅकेटिंग?

डार्करूम

मी जुना रोलवाला माणूस. स्टुडिओ बंद केला, नाद गेला नाही.

ग्रॅज्युएटेड फिल्टर सरळ क्षितिजाला उत्तम. समुद्र सरळ असतो, म्हणून तो समुद्रावर शोभतो. पण तुमच्या फ्रेममध्ये किल्ला क्षितिजाच्या वर येतो, तो आधीच काळा, त्यावर फिल्टरचा गडद भाग. दुष्काळात तेरावा महिना. नुसतं पाणी-आभाळ असेल तेव्हा तीन स्टॉपचा मऊ कडेचा एक घ्या, चौकोनी होल्डरचा, म्हणजे रेषा वर-खाली सरकवता येते. खाऱ्या तुषारांनी काच धुरकट होते, कापड कोरडं ठेवा.

किल्ला असेल तर ब्रॅकेटिंग, पण एचडीआरचं बटण दाबू नका. लाट तीन फ्रेममध्ये तीन ठिकाणी असते, यंत्र तिची खिचडी करतं. दोन फ्रेम घ्या. खालचा भाग, म्हणजे खडप आणि लाट, एकाच फ्रेममधून. वरचं आभाळ दुसऱ्यातून. मास्क (कुठल्या फ्रेमचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा थर) हातानं ओढा, कड मऊ, आणि किल्ला आभाळाच्या फ्रेममधला, काळाच राहू द्या. ती पांढरी किनार किल्ला उजळायला गेलं की येते.

आणखी सोपा मार्ग म्हणजे सूर्य बुडाल्यावर थांबणं. गोळा फ्रेममधून गेला की फरक झपकन कमी होतो आणि पुढची दहा-वीस मिनिटं खडपाला वरच्या आभाळाचा मऊ उजेड मिळतो. लोक नेमके तेव्हाच भेळ खायला जातात. अंबाबाईच्या किरणोत्सवात काही मिनिटांच्या किरणांसाठी ताटकळणारे आपण, समुद्रावर एवढी घाई कशाला?

सावली किती काळी, हा खरा प्रश्न. माझं मत, फोटोत एक जागा पूर्ण काळी हवी, पण ती छोटी हवी. बाकी सावलीत रंग ठेवा. सूर्य आडवा असताना सावलीवर आभाळाचा निळा उजेड पडतो. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची सेटिंग) ऑटोवर असेल तर कॅमेरा तो पुसायला बघतो. डेलाइटवर ठेवा. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे, तिथली पावडर शेडिंगची निसर्गचित्रं बघून या. उजेडाकडून काळोखाकडे किती पायऱ्यांनी उतरायचं ते मॅन्युअलपेक्षा तिथे लवकर कळतं.

सरावाला रोज घाट उतरायची गरज नाही. रंकाळ्याच्या पूर्वेकडून संध्याकाळी संध्यामठ धरा. काळा दगड, पाणी, मागे मावळती, गणित तेच. फक्त लाट नाही.

पूर्वकाठ_रंकाळा

काका, नावच पूर्वकाठ घेऊन बसलोय आणि हे सुचलं नव्हतं. या आठवड्यात संध्यामठावर दोन फ्रेमचा प्रयोग करतो. शेवटची शंका, स्क्रीनवर सावलीत जे दिसतं ते प्रिंटमध्ये येईल का?

डार्करूम

सगळं नाही येणार. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फक्त परत पाठवतो. मॅटवर (बिनचकाकीच्या कागदावर) काळा आणखी दबतो, म्हणून खडपाच्या सावल्या स्क्रीनवर किंचित जास्त उजळ ठेवा, आणि मोठ्या प्रिंटआधी फक्त खडपाच्या तुकड्याच्या लहान टेस्ट प्रिंट काढा, थोड्या-थोड्या फरकानं. त्या दालनात नेऊन तिथल्या दिव्याखालीच बघा. ग्लॉसी (चकाकणारा) कागद घेतलात किंवा वर साधी काच लावलीत तर काळ्या भागात बघणाऱ्याचा चेहरा दिसेल, तेव्हा मॅटच घ्या आणि काच टाळा.