सल्ला हवा: ऑटिझम असलेल्या मुलाचा तोल, हाताची पकड, बटणं, सायकल (सोलापूर)

जुळेसोलापूर_आई

नमस्कार. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. ऑटिझमचं निदान चौथ्या वर्षी झालं. स्पीच थेरपीने बोलणं बरंच सुधारलंय. आता प्रश्न शरीराच्या हालचालींचा आहे.

जिना उतरताना अजून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवतो, कठडा सोडत नाही. शर्टाची बटणं लागत नाहीत. पेन्सिल इतकी दाबतो की टोक मोडतं, आणि अर्ध्या पानात हात दुखतो म्हणून रडायला येतं. चेंडू अंगावर आला की डोळे मिटतो. खुर्चीत बसला की घसरत घसरत टेबलाखाली जातो. गल्लीतली सगळी पोरं सायकल चालवतात, हा सायकलला हातही लावत नाही. शाळेत पीटीच्या तासाला त्याला कडेला बसवतात. "आळशी आहे, प्रयत्नच करत नाही," असं मला तोंडावर सांगितलं. तो प्रयत्न करतो हो. मी रोज बघते.

हे ऑटिझममुळेच आहे की आणखी काही? सोलापुरात कुणाला दाखवायचं, आणि समोरचा माणूस खरंच शिकलेला आहे हे कसं ओळखायचं? मी नोकरी करते, घरी सासूबाई असतात. त्यांना जमेल असं काही असेल तर तेही सांगा. एका ठिकाणी स्टेम सेलचं पॅकेज सुचवलंय, घरात त्यावरून दोन मतं आहेत.

ओटी_विजापूररोड

ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवणारी थेरपिस्ट. सविस्तर लिहिते.

ऑटिझमच्या निदानाच्या मुख्य निकषांत हालचालींचा समन्वय येत नाही. त्यामुळे बहुतेक अहवालांत त्याबद्दल एक ओळही नसते, आणि पालकांना वाटतं की आपलंच मूल असं आहे. तसं नाही. १९४४ साली हान्स आस्परगर यांनी ज्या मुलांचं वर्णन केलं, त्यांच्याही हालचाली अवघडलेल्या होत्या. २०२० मध्ये अंजना भट यांनी अमेरिकेतल्या ११ हजारांहून जास्त ऑटिस्टिक मुलांच्या पालकांनी भरलेली प्रश्नावली तपासली. त्यात सुमारे ८७ टक्के मुलांमध्ये समन्वयाच्या अडचणीची शक्यता दिसली. फिजिओथेरपी मिळत होती ती त्यातल्या जेमतेम एक तृतीयांश मुलांना. म्हणजे अडचण सर्रास आहे, मदत मात्र कमी जणांपर्यंत पोचते. २०१३ पासून डीएसएम-५ नुसार, म्हणजे निदानासाठी वापरतात त्या अमेरिकी पुस्तिकेनुसार, ऑटिझम आणि समन्वयाची अडचण अशी दोन्ही निदानं एकाच मुलाला देता येतात. तेव्हा वेगळी तपासणी मागा.

होतं काय, तर बऱ्याच मुलांचे स्नायू थोडे सैल असतात, सांधे जास्त वाकतात. म्हणून ती खुर्चीतून घसरतात. आपण किती जोर लावतोय याची खबर स्नायूंकडून मेंदूला नीट मिळत नाही, म्हणून पेन्सिल दाबली जाते. तो मुद्दाम दाबत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे हालचालीचा बेत आखणं. शर्ट घालताना आपण विचार करत नाही. या मुलांना मात्र अनोळखी गावात चौकाचौकात पत्ता विचारत जावं तसं प्रत्येक टप्प्यावर थांबावं लागतं. हे सगळं करून मूल संध्याकाळी दमतं, आणि बाहेरून ते आळशासारखं दिसतं.

माणूस कसा ओळखायचा: ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे बीओटीएच आणि फिजिओथेरपिस्टकडे बीपीटीएच पदवी असते, आणि दोघांची नोंदणी राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी कौन्सिलकडे होते. स्पेशल एज्युकेटर आणि स्पीच थेरपिस्ट यांची नोंदणी आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका, आम्हाला त्यात काही वाटत नाही. पहिल्या भेटीतच विचारा, की पुढच्या तीन महिन्यांत माझं मूल काय करू लागेल? "सेन्सरी सुधारेल" एवढंच उत्तर मिळालं तर समाधान मानू नका. "वरचं बटण सोडून बाकीची स्वतः लावेल" हे उत्तर चालेल. आणि सेशनला पालकांना आत बसू न देणाऱ्या ठिकाणी मी माझ्या नात्यातलं मूल पाठवणार नाही. आठवड्यातला थेरपीचा एखाददुसरा तास थोडा असतो. खरा सराव घरीच होतो आणि तो तुम्हाला तिथे बघूनच शिकायचा आहे.

झोके, मोठे चेंडू, रंगीत उपकरणं यांनी मुलं रमतात, काहींना शांतही वाटतं. पण नुसता झोका खेळून बटण लावता येत नाही. जे काम जमायला हवं तेच काम तुकडे करून शिकवायचं, याला संशोधनाचा जास्त आधार आहे. म्हणून एका वेळी एकच काम निवडा, आणि मुलाला विचारून निवडा.

बटणांपासून सुरू करू. त्याच्या मागे बसा, म्हणजे तुमचे आणि त्याचे हात एकाच दिशेने चालतील. बटण काजातून अर्धं बाहेर काढून द्या, त्याने फक्त ओढायचं. ते सहज जमलं की त्याने ढकलायचं आणि ओढायचं. अशी शेवटच्या टप्प्यापासून उलटी शिकवण ठेवली की प्रत्येक वेळी काम पूर्ण त्याच्याच हातून होतं. खालची बटणं आधी घ्या, ती डोळ्यांना दिसतात. वरचं सगळ्यात शेवटी. आणि हे सकाळी शाळेच्या घाईत करू नका, संध्याकाळी कपडे बदलताना करा.

डॉक_बालरोग

वरचं सगळं बरोबर. मी फक्त एवढंच सांगतो, की सगळं ऑटिझमच्या खात्यावर टाकण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. पुढीलपैकी काही असेल तर थांबू नका, बालमेंदूविकारतज्ज्ञ गाठा: आधी येत असलेली हालचाल आता येईनाशी झाली, जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत वर यावं लागतं, पोटऱ्या फुगीर दिसतात, शरीराची एकच बाजू कमी चालते, झटके येतात, किंवा मूल कायम चवड्यांवर चालतं आणि टाच टेकतच नाही. मुलग्यांमध्ये डुशेन नावाचा स्नायूंचा आजार याच वयात लक्षात येतो. त्यासाठी सीपीके ही साधी रक्ततपासणी आधी करतात. तुमच्या वर्णनात मला असं काही दिसत नाही, तरी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय नाही म्हणणार नाही. डोळेही तपासा. चेंडू चुकण्यामागे कधी कधी नंबर असतो.

स्टेम सेल: नको. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही असं स्पष्ट केलं आहे. ते पैसे थेरपीसाठी ठेवा.

जुळेसोलापूर_आई

डॉक्टर, मनापासून आभार. जमिनीवरून उठताना मांडीवर हात ठेवत नाही, आज मुद्दाम बघितलं. आधी येत होतं आणि आता येत नाही असंही काही नाही. तरी दाखवून घेते. स्टेम सेलचा विषय घरात आज बंद झाला, तुमचा प्रतिसाद सगळ्यांना वाचून दाखवला.

अशोकचौक_पूर्वभाग

ताई, माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे. घरी आम्ही तेलुगू बोलतो, शाळा मराठी. सासूबाईंना सांगण्यासारखं विचारलंत ना, मग ऐका. आमच्या अम्मांनीच जास्त केलं.

शेंगाची चटणी घरी कुटता ना? बत्ता लेकराच्या हातात द्या, भांडं तुम्ही धरा. दोन्ही हातांनी उचलून खाली आणायचा. हाताला जोर कळतो आणि चटणी आपण केली म्हणून जेवतानाही खूश. भाकरीचं पीठ मळायला द्या, छोटी भाकरी थापायला द्या. फाटली तरी तव्यावर टाका, तिची तिला खाऊ दे. पाणी येतं त्या दिवशी छोट्या कळशीने झाडांना पाणी घालणं हे तिचं काम होतं, कळशी अर्धीच भरायची. धुतलेले पंचे दोन्ही हातांनी पिळून वाळत घालायचे, चिमटे तिनेच लावायचे. चिमट्यांनी बोटांना फार फरक पडला.

आणि चादर. आपली जाड सोलापुरी चादर फरशीवर पसरायची, त्यावर तिने पालथं पडून दोन्ही हातांनी कड धरायची, आम्ही ओढायचो. मग उलटं, उशा ठेवून तिने आम्हाला ओढून दाखवायचं. चादरीत गुंडाळून ठेवू नका मात्र, आणि नको म्हणाली की तिथेच थांबायचं.

आम्ही तपासणीसाठी सिकंदराबादला एनआयईपीआयडीला गेलो होतो. बौद्धिक दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था आहे, मनोविकास नगरमध्ये. इथून थेट गाड्या आहेत, आणि आमच्यासारख्यांना भाषेचाही प्रश्न येत नाही. तिथे तपासून घरचा कार्यक्रम लिहून घेतला, इथे फिजिओथेरपिस्टकडे तो चालू ठेवला. दर वेळी पुण्या-मुंबईला पळायची गरज पडली नाही.

ओटी_विजापूररोड

अशोकचौक, अम्मांना माझा नमस्कार सांगा. क्लिनिकमध्ये हजारो रुपयांच्या साहित्यातून आम्ही हेच करून घेतो.

शांत_कोपरा

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, वय एकतीस, सोलापूरचाच. पालकांचे धागे वाचतो, सहसा लिहीत नाही. मुलाच्या बाजूने थोडं सांगतो.

"नीट बघ, नीट धर" या सूचनेचा मला कधी उपयोग झाला नाही. नीट म्हणजे काय तेच कळत नव्हतं. "अंगठा इथे ठेव" म्हटलं की कळायचं. करून दाखवलं, आणि तेही समोरून नाही तर शेजारी उभं राहून, तर त्याहून लवकर कळायचं. एक सूचना दिली की दुसरी देण्याआधी थांबा. तो ऐकत नाही असं वाटेल, पण आत काम चालू असतं.

आवाज वाढला की माझे हातपाय आणखी बिघडतात. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर मी घरी चालतो तसा चालूच शकत नाही. गर्दी, कर्णे, पायाखाली खडबडीत जमीन, सगळं एकदम अंगावर येतं. तेव्हा त्याच्या पीटीच्या तासाला शिट्ट्या आणि आरडाओरडा किती असतो ते एकदा जाऊन बघा. घरी जमणारी गोष्ट तिथे जमत नाही याचं कारण बऱ्याचदा तेच असतं.

चेंडूने माझं बालपण नासवलं. मला पोहणं जमलं, कारण पाण्यात सगळ्या बाजूंनी दाब असतो आणि आपलं अंग कुठे आहे ते कळतं. टीमचा खेळ आलाच पाहिजे असं काही नाही. पोहणं, चालणं, योगासनं, डोंगर चढणं, यातही शरीर तयार होतं. आणि तो थांबू दे म्हणाला तर त्या दिवशी थांबा. जबरदस्तीने करून घेतलेल्या व्यायामाचा मला आजही तिटकारा आहे.

ओटी_विजापूररोड

हा प्रतिसाद मी माझ्याकडच्या पालकांना वाचायला देईन, परवानगी असेल तर. पोहण्याबद्दल एक जोड: ऑटिस्टिक मुलांमध्ये बुडण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, कारण अनेकांना पाण्याची ओढ असते आणि भीती कमी. तलावावर प्रशिक्षक कितीही चांगला असला तरी मोठं माणूस हाताच्या अंतरावर पाण्यातच हवं.

गुरुजी_मोहोळ

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. शाळेशी बोलायचं असेल तर तोंडी न बोलता लेखी द्या. 'समन्वयाची अडचण आहे, आळस नाही' असं थेरपिस्टच्या लेटरहेडवर असलं की भाषा बदलते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे आणि शाळेने वाजवी सोयी द्यायच्या हे त्यात आहे. पण पहिल्याच भेटीत कायदा काढू नका, शिक्षकाला काय करायचं ते सांगा. आम्हाला बऱ्याचदा तेच माहीत नसतं.

मी वर्गात हे करतो. पाय लोंबकळू नयेत म्हणून बाकाखाली पाट. वहीखाली जाड फाईल, म्हणजे उतार मिळतो. पाच प्रश्नांऐवजी दोन लिहायचे, बाकीचे तोंडी. फळ्यावरचं उतरवून घ्यायची सक्ती नाही. खडूचे छोटे तुकडे देऊन फळ्यावर उभ्याने लिहायला लावतो, तुकडा छोटा असला की बोटं आपोआप नीट धरतात. पीटीला गुण मोजायला किंवा साहित्य लावायला कायमचं बसवू नये, त्यालाही खेळू द्यावं. मोठा, हलका, हळू येणारा चेंडू घ्यावा, आधी जमिनीवरून सरपटत. फुगाही चालतो.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेत तालुक्याला विशेष शिक्षक असतात, मुख्याध्यापकांमार्फत मागणी करता येते. पुढे दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. आत्तापासून कागद जपून ठेवा.

जुळेसोलापूर_आई

सगळ्यांचं वाचून रडू आलं, पण बरं वाटलं. शांत_कोपरा दादा, तुमचं तर दोनदा वाचलं. काल संध्याकाळी त्याला विचारलं काय शिकायचंय, तर म्हणाला "सायकल". मला वाटत होतं त्याला नकोच आहे. आता कशी सुरू करू?

ओटी_विजापूररोड

आधार देणारी छोटी चाकं लावू नका, त्यात तोल शिकायचाच राहून जातो. दुकानातून दोन्ही पायडल काढून आणा. घरी काढणार असाल तर डाव्या बाजूचं पायडल उलट्या आट्याचं असतं, ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. सीट इतकी खाली की दोन्ही तळवे पूर्ण टेकतील. मग त्याने नुसतं पायांनी ढकलत चालायचं. काही दिवसांनी पावलं लांब होतात, मग पाय उचलून घसरत जातो. तोल तिथेच येतो. ब्रेक दाबायला याच टप्प्यात शिकवा, थांबता येतं हे कळलं की भीती निम्मी होते. सीट धरून मागे पळू नका, धरायचंच तर खांद्यांना हलका हात. मग आधी एक पायडल, नंतर दुसरं.

हेल्मेट पहिल्या दिवसापासून, घरात घालून सवय करून. जागा मोकळी, सपाट आणि रिकामी हवी. पार्क मैदानाच्या आसपास सकाळी लवकर गर्दी कमी असते. मार्चनंतर आठच्या पुढे बाहेर काढू नका, आपल्या उन्हात कुणाचेच हातपाय चालत नाहीत. दहा मिनिटं झाली की बास, तो आणखी मागत असतानाच थांबवा.

अशोकचौक_पूर्वभाग

सायकलच्या गडबडीत एक राहून जाईल म्हणून लिहिते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंय का? नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सिव्हिलला तपासणीला जायचं. तिथे ऑटिझम किती आहे ते ठरवायला आयएसएए नावाची ४० मुद्द्यांची चाचणी घेतात. प्रमाणपत्र हातात आलं की केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय या आरोग्य विमा योजनेत नाव घालता येतं. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात ओपीडी व थेरपीचा खर्चही धरतात. थेरपीच्या पावत्या नोंदणी क्रमांकासह मागून घ्या, साध्या चिठ्ठीवर क्लेम होत नाही. तपासणीला जाताना त्याचा डबा आणि आवडीची एखादी वस्तू न्या, बराच वेळ बसावं लागतं.

जुळेसोलापूर_आई

कार्ड नाहीये अजून. आज रात्री अर्ज भरते. पायडल काढायला सायकल उद्या दुकानात देते.