आजोबांची रॅले सायकल, नक्की कुठल्या सालची?

कराडकर:
नमस्कार मंडळी, गावचं घर उतरवताना माळ्यावर आजोबांची सायकल सापडली, काळी, २८ इंची, सळईचे ब्रेक, चेनकव्हर उघडलं तर आत चेनव्हीलमध्ये पक्ष्यांची तीन डोकी कापलेली आहेत. मागच्या चाकाच्या आसातून एक बारीक साखळी बाहेर येते, ती कशाची ते कळेना. हँडलखालचा बिल्ला घासून सपाट झालाय. घरात सगळे सांगतात ब्रिटिशांच्या काळातली आहे, पण साल कुणालाच माहीत नाही. काका म्हणतायत चांगला रंग मारून घे. कसं ओळखायचं?

जुनी_चाकं:
आधी काकांना थांबवा, रंग मारू नका, आणि पॉलिश पेपर तर लांबच ठेवा! मूळ सोनेरी रेघा, ट्रान्सफर (फ्रेमवर चिकटवलेली नावं-चित्रं) एकदा गेले की परत येत नाहीत. ती डोकी बगळ्याची, म्हणजे रॅले ही इंग्लंडची कंपनी. फ्रेम नंबर सीटखालच्या जोडावर असतो, पण रॅलेच्या नंबरवरून साल काढायला गेलात तर हमखास फसाल. त्यापेक्षा ती बारीक साखळी म्हणजे लॉटरी आहे, आत स्टर्मी आर्चर कंपनीचा तीन गियरचा हब (चाकाचा मधला तुंबा) असणार. हबच्या मधल्या भागावर रॉकेलचं फडकं फिरवा, ए डब्ल्यू अशी अक्षरं आणि शेजारी दोन आकडे दिसतील, ते साल आणि महिना. चकाकी पण बघा, निकेल पिवळसर दिसतं, क्रोम निळसर, आणि क्रोम सायकलींवर साधारण १९३० पासून आलं.

पेठेतला:
वरच्यांचं बरोबर, पण बगळे दिसले म्हणजे विलायती असं धरू नका. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना निघाला, त्या गाड्याही रॅलेच. घंटी, रिम, पेडल, सगळीकडे 'मेड इन' काय लिहिलंय ते वाचा. एखाद्या पार्टवर आयएसआयचा मार्का असेल तर तो पार्ट १९५५ च्या आधीचा नाही. आणि एकाच पार्टवर भिस्त ठेवू नका, पन्नास वर्षं वापरलेल्या गाडीचं चाक कधीतरी बदललेलं असतंच. आमच्याकडे एकाने बंदुकांचं चिन्ह बघून बीएसए (दुसरी विलायती कंपनी) म्हणून घेतली, चेनव्हील तेवढं बीएसएचं, बाकी सगळी भलतीच! अजून एक, पूर्वी नगरपालिका सायकलला कर लावायची आणि पितळी बिल्ला द्यायची, त्यावर सालच छापलेलं असायचं. घरात जुने डबे, ट्रंका असतील तर शोधा, त्याच्यासारखा पुरावा नाही.

कराडकर:
दोघांचे खूप आभार! कालची सगळी संध्याकाळ हबपाशी गेली. रॉकेल लावून जुन्या टूथब्रशने घासलं तर आधी ए डब्ल्यू, मग ५२, आणि बाजूला ११. म्हणजे नोव्हेंबर १९५२! घंटीवर आणि पुढच्या रिमवर मेड इन इंग्लंड आहे. आणि आजीच्या शिवणाच्या डब्यात बटणांमध्ये खरंच बिल्ला निघाला, १९५४ चा, मी तो हातात घेऊन तसाच बसून राहिलो. आजी म्हणाली, मास्तरकी पक्की झाली तेव्हा घेतली, शाळा सहा मैल लांब होती. म्हणजे ब्रिटिशांच्या काळातली नाही, पण मला हे जास्त आवडलं. रंग मारणार नाही, काकांनाही पटलंय. आता फक्त चालती करायचीय, पण डाव्या क्रँकची (पेडलच्या दांड्याची) कॉटर पिन, म्हणजे दांडा आसाला पक्का धरणारी खीळ, गंजून बसलीय, हलतच नाही.

जुनी_चाकं:
वा, जपा तो बिल्ला! पिनचं नट सैल करून दोन दिवस डिझेल सोडत राहा. मग क्रँकखाली जाड पाईपचा तुकडा उभा टेकवा आणि पिनवर एकच जोरदार घाव घाला. आधार न देता ठोकलंत तर सगळा मार आतल्या छर्‍यांवर जातो.