फ्रांचेस्को द'आंद्रेआ : अकलेवर वर आलेला वकील की सरदारांचा माणूस?

जुनी_पाने :
नेपल्सचा वकील फ्रांचेस्को द'आंद्रेआ (१६२५-१६९८) याने म्हातारपणी पुतण्यांसाठी लांबलचक उपदेश लिहून ठेवला. सार एवढंच : वकिली करा. घराणं नसो, पैसा नसो, या शहरात माणूस निव्वळ अकलेवर मोठ्या हुद्द्याला आणि अमाप संपत्तीला पोचतो.

मला तो त्या काळातला खरा पुरोगामी वाटतो. वर स्पेनचा व्हाइसरॉय, जमिनी सरदारांच्या, विचारांवर चर्चचा पहारा. अशात हा उघडपणे अणुवाद्यांची, म्हणजे सगळं जग अणूंचं बनलंय म्हणणाऱ्यांची, बाजू घेतो. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने स्पेनच्या ताब्यातल्या ब्राबांतवर (आजच्या बेल्जियमकडचा प्रांत) हक्क सांगितला, तेव्हा १६६७ मध्ये स्पेनच्या बाजूने उत्तर लिहिलं ते यानेच. बोलणंही तसंच असणार. फ्लॉरेन्सच्या दरबारातला वैद्य-कवी रेदी दारूवरच्या आपल्या काव्यात सांगतो, की हा 'चीच्चो' (फ्रांचेस्कोचं लाडकं नाव) नेपल्सजवळच्या आव्हेर्साच्या आस्प्रीनो या आंबट दारूची तरफदारीसुद्धा गडगडाटी वक्तृत्वाने करायचा! रावेल्लोसारख्या लहान गावात जन्मलेला मुलगा हा.

बांधावरून :
अजिबात सहमत नाही. पैसा यायचा कुठून ते बघा. सरदार कर्जात बुडालेले, जहागिरी विक्रीला, वारसांचे दावे वर्षानुवर्षं चाललेले. नेपल्सच्या कास्तेल कापुआनो या जुन्या किल्ल्यात सगळी मोठी न्यायालयं एकाच इमारतीत होती. वर वकिलांची गर्दी, खाली तुरुंग. द'आंद्रेआचा १६९४ चा ग्रंथ कशावर? सरदार निपुत्रिक वारला तर जहागीर भावाला जाते की नाही, यावर. भावाला नाही तर राजाला. जमीन कसणाऱ्याला काय फरक पडणार होता?

कावेरी_म :
बांधावरून, फरक पडायचा, आणि मोठा. जहागिरीच्या गावात न्यायाधीश सरदारच नेमायचा. म्हणजे तक्रार ज्याच्याविरुद्ध, निवाडा त्याच्याच माणसाकडे. खालसा, म्हणजे थेट राजाच्या ताब्यातल्या, गावात राजाचा अधिकारी असायचा. म्हणून तर गावं स्वतः वर्गणी काढून राजाकडून खालसा राहण्याचा हक्क विकत घ्यायची. वारसाहक्काच्या त्या किचकट दिसणाऱ्या वादावर अख्ख्या गावाचं नशीब ठरायचं.

बांधावरून :
कायद्यात तसं होतं, मान्य. पण वकिलाने रयतेसाठी काय करायचं ते बघायचं तर जूलिओ जेनोइनो बघा. १६४७ ला नेपल्समध्ये फळांवरच्या करावरून माझानिएल्लो या मासेविक्याच्या मागे बाजारातल्या लोकांनी बंड केलं. त्याचा सल्लागार हा ऐंशीच्या घरातला वकील. लोकांना नगरसभेत सरदारांइतकी मतं हवीत, ही मागणी त्याची जुनी. द'आंद्रेआ तेव्हा बावीस वर्षांचा, नेपल्सपासून दूर कियेती शहरात सरकारी वकील.

जुनी_पाने :
जेनोइनोबद्दल मलाही आदर आहे, पण पुढचंही सांगा ना. दहा दिवसांत माझानिएल्लोचा खून झाला आणि जेनोइनोने व्हाइसरॉयकडून सोम्मारियात, म्हणजे राज्याच्या महसुली न्यायालयात, मोठं पद घेतलं. पुढच्याच वर्षी तो हद्दपारीत वारला. बावीस वर्षांच्या पोराकडून तुम्ही याहून जास्त मागताय.

बांधावरून :
मी मागतोय ते सत्तरीच्या माणसाकडून. आयुष्यभर सगळं बघून पुतण्यांना काय सांगितलं, तर वर कसं चढायचं ते. आणि कावेरीताई, ती खालसा गावं कायमची सुटत नव्हती. तिजोरी रिकामी झाली की राजा तेच गाव पुन्हा विकायला काढायचा, आणि गावकऱ्यांना पुन्हा वर्गणी काढावी लागायची.