घरासाठी कॉफी पॉड मशीन: कोणत्या पद्धतीचं घ्यावं? (सोलापूर, बोअरचं पाणी)

जुळेसोलापूरकर

पॉड मशीन (एका कपापुरत्या कॉफीची बंद डबी, म्हणजे पॉड किंवा कॅप्सूल, घालून बटण दाबायचं ते) घ्यायचं नक्की आहे, अडलंय ते कोणत्या पद्धतीचं यावर. घरात चौघं. दोघांना काळी, कडक, बिनसाखरेची. दोघांना दुधाची, तीही मोठा मग भरून. दिवसाला साधारण सहा कप, निम्मे काळे, निम्मे दुधाचे.

परिस्थिती अशी: महापालिकेचं पाणी चार-पाच दिवसांआड, एरवी बोअर. पिण्यासाठी आरओ आहे. दूध म्हशीचं, सुटं. इन्व्हर्टर ९०० व्हीए. पुतण्या अमेरिकेतून येतोय, तो तिकडचं मशीन आणतो म्हणतोय, तिथे स्वस्त पडतं. आणू द्यावं का? नेस्प्रेसोच्या ओरिजिनल आणि व्हर्चुओ यांत नेमका फरक काय? आणि पंपाचा दाब १५ बारचा घ्यावा की १९?

फिल्टर कॉफी घरात आहेच. त्यामुळे "त्यापेक्षा फिल्टर प्या" हा सल्ला कृपया नको.

नऊबार

मशीन नंतर, आधी पॉड ठरवा. मशीन एकदाच घ्यायचंय, पॉड दर महिन्याला. आणि एका पद्धतीचा पॉड दुसऱ्या मशीनमध्ये बसत नाही.

नेस्प्रेसो ओरिजिनल: छोटी कॅप्सूल, आत साधारण ५ ते ६ ग्रॅम कॉफी. पंप दाब देऊन गरम पाणी कॅप्सूलमधून ढकलतो. हिची मूळ पेटंटं २०१२ च्या सुमारास संपली, तेव्हापासून याच मापाच्या कॅप्सूल कोणीही बनवू शकतं. आपल्याकडे कॉफीझा, बोनोमिया वगैरेंच्या याच मापाच्या मिळतात. सोलापुरात बसून मागवायचं तर हा मुद्दा सगळ्यात मोठा: एकाची डिलिव्हरी अडली तर दुसऱ्याचा डबा मागवता येतो.

व्हर्चुओ: इथे दाबाचा पंप नाही, कॅप्सूलच गरगर फिरते, मिनिटाला ७००० फेऱ्यांपर्यंत. कडेवर बारकोड असतो. तो वाचून मशीन पाणी, वेग आणि तापमान ठरवतं. मोठा मग छान भरतो, वर फेसही भरपूर. पण बारकोडमुळे तुम्ही जवळपास त्या एकाच कंपनीला बांधले जाता. लहान शहरासाठी मी हे सुचवणार नाही.

डोल्चे गुस्तो: दुधाच्या बहुतेक कॉफींना दोन पॉड लागतात, एक कॉफीचा, एक दूध पावडरचा. सोळाच्या खोक्यात आठच कप. घरात म्हशीचं दूध असताना पावडरीचे पैसे कशाला मोजायचे?

के-कप: अमेरिकन पद्धत, दाब जवळपास नाहीच, मोठा मग पातळ कॉफी. तुमच्या कडकवाल्यांना ती चहाच्या धुवणासारखी लागेल.

१५ की १९ बार हा वाद सोडून द्या. तो पंपाचा कमाल दाब आहे. एस्प्रेसो उतरायला ९ बारच्या आसपास दाब पुरतो. त्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नका. त्यापेक्षा तीन गोष्टी बघा: टाकी ०.६ लिटरची आहे की १ लिटरची, कपाची जाळी काढून उंच मग ठेवता येतो का, आणि बटणावर पाण्याचं माप स्वतः ठरवता येतं का. दिवसाला सहा कपांना ०.६ लिटर पुरते. उलट टाकी छोटी असली की पाणी रोज बदललं जातं.

प्रमाणाबद्दल थोडं. रिस्ट्रेटो (सगळ्यात छोटी, कडक) २५ मिली, एस्प्रेसो ४०, लुंगो (लांब) ११०. एस्प्रेसोच्या कॅप्सूलवर लुंगोचं बटण दाबू नका. पहिल्या ४० मिलीत हवं ते सगळं उतरलेलं असतं, नंतर नुसता कडवटपणा आणि पाणी. लांब काळी कॉफी हवी असेल तर ४० मिली काढा आणि कपात वरून ८०-१०० मिली गरम पाणी घाला.

दुधाला एका कॅप्सूलमागे १००-१२० मिली दूध, त्यापुढे चव हरवते. म्हणजे तुमच्या मोठ्या मगाला दोन कॅप्सूल. आता हिशोब करा: तीन काळे कप म्हणजे तीन कॅप्सूल, तीन दुधाचे मग म्हणजे सहा. दिवसाला नऊ. कॅप्सूल सरासरी ५० रुपयांना धरली तर रोज ४५०, महिन्याला साडेतेरा हजार. ५० रुपयांत ५ ग्रॅम, म्हणजे किलोला दहा हजारांचा भाव झाला! म्हणून, तुम्ही नको म्हणालात तरी एकदाच सांगतो: पॉड काळीवाल्यांसाठी ठेवा, दुधाच्या मगात फिल्टरचं डिकॉक्शन घाला. खर्च साडेचार हजारांवर येतो, आणि खरं सांगायचं तर मगभर म्हशीच्या दुधाला डिकॉक्शनच पुरून उरतं.

खारंपाणी

वरचं सगळं पटलं, पण सोलापुरात मशीन किती वर्षं चालणार हे पाण्यावर ठरतं, ब्रँडवर नाही.

या मशीनमध्ये बॉयलर नसतो, थर्मोब्लॉक असतो: धातूच्या ठोकळ्यात हीटर आणि त्यातून जाणारी बारीक नळी. जड पाणी तापलं की कॅल्शियम कार्बोनेट नळीच्या आतून बसतं. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर दिसतो तोच, फक्त इथे जागा सुईएवढी. लक्षणं क्रमाने येतात: आधी धार बारीक होते, मग पंपाचा आवाज वाढतो, मग कॉफी कोमट येते, आणि शेवटी दिवे लुकलुकून मशीन बंद. लोक तेव्हा "पंप गेला" म्हणतात. बऱ्याचदा पंप ठणठणीत असतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) ५०० आणि कठीणपणा २०० ही अपेक्षित मर्यादा, आणि दुसरं पाणी नसेल तर टीडीएस २०००, कठीणपणा ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे माणसाला चालणारं पाणी मशीनला चालेलच असं नाही. कॉफीसाठी टीडीएस १५० च्या आसपास उत्तम, ७५ ते २५० चालतो.

तुमच्या आरओला टीडीएसचा स्क्रू असेल तर ८० ते १०० वर ठेवा. त्याहून वर नेऊ नका, कारण तो स्क्रू फिरवल्यावर मिसळलं जातं ते बोअरचंच पाणी. अगदी १०-२० वर ठेवलं तर मशीन खूश, पण कॉफी आंबट आणि सपक लागते. उकळून गार केलेल्या पाण्याने काम भागत नाही. उकळून फक्त तात्पुरता कठीणपणा जातो, सल्फेट-क्लोराइडचा तसाच राहतो. नुसता यूव्ही फिल्टर असेल तर त्याने कठीणपणा अजिबात कमी होत नाही.

डीस्केलिंग, म्हणजे आतला क्षारांचा थर काढणं, आरओच्या पाण्यावर तीन-चार महिन्यांतून एकदा, बोअरचं वापरत असाल तर महिन्याला. वॉरंटीत असेपर्यंत कंपनीचं द्रव वापरा आणि बिल जपून ठेवा. नंतर किराण्यात मिळणारं लिंबूसत्व पुरतं:

१. कॅप्सूल काढून टाका, वापरलेल्या कॅप्सूलचा डबा आणि ट्रे रिकामे करा.
२. अर्धा लिटर साध्या पाण्यात २० ते २५ ग्रॅम लिंबूसत्व पूर्ण विरघळवा. खडा राहता कामा नये. पाणी गरम घेऊ नका.
३. माहितीपुस्तिकेप्रमाणे डीस्केल मोड लावा, खाली लिटरभराचं भांडं ठेवा, निम्मं सोडा.
४. पंधरा मिनिटं थांबा, उरलेलं सोडा. रात्रभर आत ठेवू नका, ठोकळा बहुतेक ॲल्युमिनियमचा असतो.
५. टाकी धुऊन दोन टाक्या स्वच्छ पाणी सोडा.

व्हिनेगर नको. वास आठवडाभर जात नाही आणि रबरी रिंगा खराब होतात.

फ्यूजवायर

अमेरिकेचं मशीन आणू देऊ नका ओ! तिकडे १२० व्होल्ट, इथे २३०. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास पावणेचार पट. बटण दाबताच थर्मल फ्यूज तरी जाणार नाहीतर हीटर. स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावायचा तर २००० व्हीएचा लागेल, तो मशीनपेक्षा जड. तरीही पंप ६० हर्ट्झसाठी बनवलेला, आपल्या ५० वर धार कमी पडते. वर वॉरंटी इथे धरत नाहीत. पुतण्याला कॅप्सूल आणायला सांगा, तेही ओरिजिनल मापाच्या.

युरोपातलं असेल तर व्होल्टेज जुळतं, फक्त प्लग बदलावा लागतो. तिकडच्या गोल पिना आपल्या सॉकेटात सैल बसून ठिणग्या उडतात. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगसह तीन पिनांचा प्लग लावून घ्या.

ही मशीनं १२०० ते १५०० वॉटची, म्हणजे सव्वापाच ते साडेसहा अँपिअर. मिक्सरच्या शेजारच्या ५-६ अँपिअरच्या पॉइंटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर नको, १६ अँपिअरच्या पॉइंटवर लावा. तुमचा ९०० व्हीएचा इन्व्हर्टर फार तर सातशे वॉट ओढतो, तो लगेच ट्रिप होणार. लाइट गेल्यावर कॉफी नाही हे धरून चाला. बिलाची चिंता मात्र करू नका: शंभर कपांना दीड-दोन युनिट.

जुळेसोलापूरकर

सगळ्यांचे आभार. अमेरिकेचं रद्द. ओरिजिनल, छोटी टाकी, असं ठरतंय. दोन प्रश्न राहिले. दुधासाठी वेगळा फ्रॉदर (दूध गरम करून फेस आणणारं भांडं) घ्यावा का, म्हशीच्या दुधाला फेस येतो का? आणि स्टीलची पुन्हा भरायची कॅप्सूल मिळते, त्यात आपली पूड भरून चालेल का? पूड चिकोरी मिसळलेली आहे.

सायबाजूला

फेस येतो. फेस धरतात ती प्रथिनं, आणि म्हशीच्या दुधात ती भरपूर असतात. स्निग्धांश जास्त असल्याने फेस उंच होत नाही, पण दाट होतो. उंच हवा असेल तर ३ टक्के फॅटचं टोन्ड दूध घ्या.

खरी अडचण सायीची. सुटं दूध आधी उकळायलाच हवं, फ्रॉदर ते उकळत नाही, ६०-६५ अंशांवर थांबतो. उकळलं की साय धरते आणि तिचे तुकडे फ्रॉदरच्या फिरकीत अडकून ती थांबते. म्हणून उकळा, पूर्ण गार करा, फ्रिजमध्ये ठेवा, आणि घेताना बारीक गाळणीतून गाळून घ्या. थंडगार दुधालाच फेस चांगला येतो.

भांड्यात आत दोन खुणा असतात. खालची फेसासाठी, साधारण १२० मिली. वरची नुसतं गरम करण्यासाठी, २४० च्या आसपास. फेसाच्या वेळी वरच्या खुणेपर्यंत भरलं की ओट्यावर दूध सांडतं. साखर फ्रॉदरमध्ये घालू नका, तळाला करपते. आणि तारेची घासणी लावली की आतला लेप गेलाच समजा.

नऊबार

स्टीलच्या कॅप्सूलमध्ये चिकोरीची पूड नको. चिकोरी पाण्यात पटकन विरघळते आणि उरलेला चोथा चिकट होऊन पाणी धरून बसतो. फिल्टरमध्ये तेच हवं असतं, म्हणून तिथे ती शोभते. इथे मात्र थेंब थेंब येतं किंवा दाबाने कडेतून फुटून डब्यात जातं. शुद्ध कॉफी घ्या, फिल्टरच्या पुडीपेक्षा थोडी बारीक, मैद्यासारखी नको. ५ ग्रॅम भरा, चमच्याच्या पाठीने हलकं दाबा, कड पुसून घ्या. कडेवर चार कण राहिले तरी झाकण नीट बसत नाही आणि गळतं.

गळण्याचं दुसरं कारण साध्या कॅप्सूलमध्येही दिसतं: डब्यात हाताळताना कड वाकलेली असते. आणि कॉफी झाली की लीव्हर लगेच उचला. कॅप्सूल आत गरम राहिली की तिथेच चिकटते.

मशीन नवीन असताना किंवा टाकी कोरडी पडल्यावर पंप नुसता घुरघुरतो, पाणी येत नाही. ती नळीत अडकलेली हवा असते. टाकी काठोकाठ भरा, कॅप्सूल न घालता लीव्हर उघडून बंद करा, मोठ्या कपाचं बटण दोन-तीनदा दाबा. तरीही नाही आलं तर टाकी काढून, ती जिथे बसते त्या भोकात बिनसुईच्या सिरिंजने हळूच पाणी सोडा.

कॅप्सूल माळ्यावर किंवा गॅसच्या बाजूला ठेवू नका. मे महिन्यात इथे पारा ४३-४४ वर जातो. ॲल्युमिनियमची हवाबंद कॅप्सूल तग धरते, प्लॅस्टिकचीत हवा शिरून तेल खवट होतं. प्लॅस्टिकची घेतलीच तर प्रत्येकीला वेगळं पाकीट असलेली घ्या. खालच्या कपाटात ठेवा, फ्रिजची गरज नाही. वापरलेल्यांचा डबा मात्र उन्हाळ्यात रोज रिकामा करा, ओला चोथा दोन दिवसांत बुरशी धरतो. तो कुंड्यांत घाला, पण थर देऊ नका, मातीत मिसळा. ॲल्युमिनियम धुऊन साठवलं तर भंगारवाला घेतो, चोथ्यासकट दिलं तर नाही घेत.

ऑर्डर टाकण्याआधी कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाकून दुरुस्तीसाठी घरून मशीन नेतात का, तेवढं बघून घ्या. नसेल तर मूळ खोकं आणि आतलं थर्माकोल टाकू नका, पुण्याला कुरिअर करताना तेच लागतं.